मागितलेली जागा, विसरलेली जागा

४ नोव्हेंबर १९९२च्या पहाटे लंडनच्या अँब्युलन्स सेवेची नवी संगणक यंत्रणा आधी मंदावली, मग पार गोठली. कर्मचाऱ्यांनी पुन्हा कागद-पेन हाती घेतलं. चौकशीत निघालेलं कारण चिमुकलं होतं. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका प्रोग्रॅमरकडून कोडचा एक तुकडा आत राहून गेला होता. गाडी रवाना करण्याचा आदेश निघाला की तो दर वेळी सर्व्हरच्या मेमरीतली थोडीशी जागा घ्यायचा आणि परत द्यायचा नाही.

गंमत अशी, की मेमरी कुठेही गेलेली नसते. चिपवरचा बाइट न् बाइट शाबूत असतो. जागा घेतल्याची नोंद तेवढी राहते आणि घेणारा केव्हाच विसरलेला असतो. सी भाषेत मॅलॉकने जागा मागायची, फ्रीने सोडायची. मध्येच काही बिघडून फंक्शन अर्ध्यातून परतलं, की त्या जागेचा पत्ताच हरवतो. म्हणून जाणता प्रोग्रॅमर मागतानाच ठरवतो, ही सोडणार कोण. रस्ट भाषा तर प्रत्येक तुकड्याला एकच मालक देते. मालकाची हद्द संपली की जागा मोकळी.

मला सगळ्यांत देखणी वाटते ती १९५९च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्पसाठी काढलेली युक्ती. केर काढायचा, पण केर शोधायचाच नाही! प्रोग्रॅमच्या हातात आत्ता जे आहे तिथून निघायचं, दुव्यांमागून पोचता येईल तिथे खूण करायची. बिनखुणेचं सगळं मोकळं. जावा आणि जावास्क्रिप्टमध्येही हाच विचार आहे. तरी तिथेही जागा अडकतेच. यंत्राला ‘पोचता येतं’ एवढं कळतं, ‘हवं आहे’ हे कळत नाही. पुढे लागतील म्हणून कॅशेत ठेवलेली चित्रं ते बिनतक्रार सांभाळत बसतं.

इथे मर्यादाच हवी, आणि ती घालावी कशी हे अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारला विचारावं. पावसाच्या तुटीच्या पट्ट्यातलं, पोपटराव पवारांचं हे गाव. पावसाळा सरला की इथे पाण्याचा ताळेबंद मांडतात: आधी माणसं-जनावरांचं पिणं, मग उरेल त्यावर पिकं. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊसही नाही. कॅशेचंही तसंच: किती नोंदी ठेवायच्या ते आधी ठरवायचं, नवी आली की बराच काळ कुणी न विचारलेली बाहेर.

शिवाय पाच मिनिटांच्या चाचणीवर खूश होऊ नये. प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. काम तेवढंच असताना मेमरीचा आलेख तासातासाला चढत असेल, तर व्हॅलग्राइंडसारखं साधन लावावं. न सोडलेली जागा कोडच्या कोणत्या ओळीने मागितली होती, ते ओळीच्या क्रमांकासकट दाखवून देतं.