आपत्तीचा इशारा तुमच्यापर्यंत कसा पोहोचतो?

चक्रीवादळ, पूर किंवा वीज पडण्याचा धोका असताना इशारा वेळेत मिळाला, तर माणसे, जनावरे आणि महत्त्वाची कागदपत्रे सुरक्षित जागी नेता येतात. ही सेवा मोफत आहे. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

इशारा कोण देते?

हवामानाचा इशारा भारतीय हवामान विभाग देतो, नद्यांच्या पुराचा केंद्रीय जल आयोग आणि उंच लाटांचा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेमार्फत हे इशारे धोका असलेल्या भागातील मोबाईलवर पाठवले जातात. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे.

स्थानिक रेडिओचा उपयोग काय?

मोबाईलचा टॉवर किंवा वीज बंद पडली, तरी रेडिओ केंद्र सुरू असेल तर बॅटरीवरच्या रेडिओवर माहिती मिळत राहते. सामुदायिक रेडिओ केंद्र छोट्या परिसरासाठी, तिथल्या बोलीत बोलते. तामिळनाडूतील पांबन येथील ‘कडल ओसै’ (९०.४ एफएम) हे मच्छीमारांचे केंद्र आहे. वारा आणि लाटांची माहिती तिथे मच्छीमारांना समजेल अशा भाषेत सांगितली जाते. समुद्रात जावे की नाही, हे ठरवायला ती कामी येते.

रंगांचा अर्थ

• हिरवा: धोका नाही
• पिवळा: लक्ष ठेवा
• नारिंगी: तयारीत राहा
• लाल: तातडीने कृती करा

तुम्ही काय करावे?

१. ‘सचेत’ ॲप घेऊन त्यात आपली भाषा आणि ठिकाण निवडा.
२. जवळचे सामुदायिक रेडिओ केंद्र कोणते, ते आजच शोधून ठेवा.
३. घरात बॅटरीवरचा रेडिओ आणि जादा सेल ठेवा.
४. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा.
५. शेजारी मोबाईल नसेल, तर इशारा त्यांना स्वतः जाऊन सांगा.

लक्षात ठेवा

समाजमाध्यमावर आलेला प्रत्येक संदेश खरा नसतो. पुढे पाठवण्यापूर्वी ‘सचेत’ ॲपवर किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर खात्री करा. इशारा किंवा मदत देण्यासाठी कोणी ओटीपी अथवा पैसे मागितले, तर देऊ नका. तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करा.