नीटपलीकडची एक वाट : गणित आणि महासंगणकातील संशोधन

लातूर आणि नांदेड ही आज शिकवणीची शहरे झाली आहेत. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवची मुले येथे खोली घेऊन राहतात. दहावीला चांगले गुण मिळाले की घरात ठरूनच जाते : नीट. आपल्या मोहल्ल्यांतही तेच आहे आणि त्यात गैर काही नाही; डॉक्टर हवेतच. प्रश्न आहे तो जीवशास्त्रात मन न रमणाऱ्या, पण गणित सोडवताना जेवणही विसरणाऱ्या मुलामुलींचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नीट देऊन ही मुले खचतात आणि वालिदैनची कमाई शिकवणीत जाते. अशा मुलांसाठी असलेल्या एका वाटेची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

विषय काय आहे?

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेला १० वाघिणींत ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींत २५ लाख लिटर. अशा टंचाईत पाणी वाटायचे तर कोणता टँकर कोणत्या मोहल्ल्यात पाठवावा, म्हणजे डिझेल कमी लागेल आणि कोणाचा हंडा रिकामा राहणार नाही? १० टँकर १० मोहल्ल्यांत एकेक पाठवायचे म्हटले तरी ३६,२८,८०० पर्याय होतात. २० टँकर आणि २० मोहल्ले असतील तर पर्यायांची संख्या १९ आकडी होते. एकेक पर्याय तपासायला आयुष्य पुरणार नाही. सगळे पर्याय न तपासता सर्वांत चांगला पर्याय शोधून काढणारे गणित म्हणजे ऑप्टिमायझेशन. विमानांचे वेळापत्रक, वीजपुरवठा, कारखान्यातील मालाची ने-आण, सगळीकडे ते लागते.

या विषयात एका मराठी माणसाचे नाव जगभर घेतले जाते. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले नरेंद्र करमरकर आयआयटी मुंबईतून शिकून अमेरिकेत गेले आणि १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी नवी पद्धत मांडली. त्याआधी १९४७ पासून जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत चालत होती. एखाद्या मोठ्या वाड्याची कल्पना करा. उत्तर वाड्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात आहे. सिम्प्लेक्स भिंतीच्या कडेकडेने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. करमरकरांची पद्धत थेट अंगणातून वाट काढते. मोठमोठ्या गणितांत या फरकाने बराच वेळ वाचतो.

महासंगणक म्हणजे देगांची पंगत

वलीम्याचे जेवण एकट्या बावर्चीने करायचे तर रात्र पुरत नाही. दहा माणसे कांदा चिरायला बसली की काम झटपट उरकते. महासंगणकात असेच हजारो प्रोसेसर एकाच वेळी काम वाटून घेतात. पण बिर्याणीला दम द्यायचा वेळ दहा बावर्ची आले तरी कमी होत नाही. कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. जीन अ‍ॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये हीच गोष्ट संगणकाबद्दल सांगितली. कोणते काम वाटता येईल आणि कोणते नाही, हे शोधणे हाच येथील संशोधकाचा धंदा.

याचे मोठे केंद्र आपल्या पुण्यातच आहे. अमेरिकेने प्रगत क्रे संगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. २००७ मध्ये पुण्याचाच 'एका' हा महासंगणक जगात चौथा ठरला. पाषाणच्या हवामान संस्थेत २०२४ पासून 'अर्क' आहे. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतके हिशेब. मान्सूनचा अंदाज अशा यंत्रांवरच काढला जातो. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचे मोल सांगायला नको.

ही विद्या परकी नाही

'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे विद्वान मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आणि 'अल्जिब्रा' त्यांच्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र'वरून. त्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि विरासतीच्या वाटणीच्या हिशेबांचा आहे. घरातला खरा प्रश्न गणिताने सोडवणे, हीच त्यांची रीत होती.

वाट कशी धरावी?

बारावीत गणित सोडू नये, ही पहिली अट. पुण्याच्या आयसरसाठी बारावीनंतर त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. ते जमले नाही तरी नांदेड-लातूरमध्ये राहून बी.एस्सी. करता येते; त्यानंतर जॅम परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते. अभियांत्रिकीसाठी नांदेडला विष्णुपुरी येथे श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था आहे, पुढे गेट परीक्षा आहे. कोणत्याही वाटेने गेले तरी प्रोग्रामिंग शिकावेच लागते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकता येतात.

वाट लांब आहे, बारावीनंतर नऊ-दहा वर्षांची. पण संशोधन म्हणजे बेकारी नव्हे. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे मिळते. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, हा आपल्या मुलांना बसलेला मोठा फटका आहे. म्हणूनच जेआरएफची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून हवी. इतर मागास प्रवर्गात येणाऱ्या मुस्लिम बिरादऱ्यांनी महाज्योतीच्या पीएच.डी. फेलोशिपची चौकशी करावी आणि जातीचे व नॉन-क्रिमीलेअरचे दाखले वेळेत काढून ठेवावेत.

मुलींच्या वालिदैनना आमचे वेगळे सांगणे आहे. या विषयाला रसायनांची प्रयोगशाळा लागत नाही. पुण्यातील महासंगणकावर नांदेडच्या घरातूनही काम पाठवता येते. लग्नानंतर गाव बदलले तरी हे काम सुटण्याचे कारण नाही.

तेव्हा नीटचा तिसरा फॉर्म भरण्यापूर्वी एक संध्याकाळ मुलाजवळ, मुलीजवळ बसा आणि कोणता विषय आवडतो ते विचारा. उत्तर 'गणित' आले तर जवळच्या महाविद्यालयातील गणिताच्या सरांना किंवा मॅडमना त्याच आठवड्यात जाऊन भेटा.