केलगेरीच्या काठावर नकाशा शिकता येतो

‘ट्रेकिंग शिकायचं तर हिमालयच गाठायला हवा, धारवाडात काय ठेवलंय?’ कॉलेजच्या कट्ट्यावर हे हमखास कानी पडतं. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची. तिचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स उत्तमच आहे, पण त्यातला बराच वेळ दोर, खडक आणि बर्फ यांत जातो. धारवाडच्या केलगेरीहून अळणावर-दांडेलीकडे निघालं की लागतं ते मलनाडचं रान. तिथे गाठ पडते दाट झाडीशी, ओढ्यांशी आणि दिवसदिवस न थांबणाऱ्या पावसाशी. त्याची तयारी कॉलेजातच सुरू होऊ शकते. शेजारच्या बेळगावात एनसीसीचे अखिल भारतीय ट्रेक होतात. ‘मार्कांना उपयोग शून्य’ ही तक्रारही जुनी झाली. एनसीसी हा क्रेडिट मिळणारा ऐच्छिक विषय म्हणून घ्यावा, असं यूजीसीने २०२१ मध्येच विद्यापीठांना कळवलं आहे.

दुसरा समज फोनचा. रेंज गेली की जीपीएस गेलं, असं बहुतेकांना वाटतं. जीपीएसचे संकेत थेट उपग्रहांकडून येतात, मोबाईलच्या टॉवरशी त्यांचा संबंध नाही. रेंजवाचून अडतं ते नकाशा उघडणं. तेवढा भाग घरूनच डाउनलोड करून नेला, तर निळा ठिपका रानातही तुमची जागा दाखवतो, अर्थात बॅटरी असेपर्यंत.

म्हणून कागदी नकाशा हवाच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये साधारणपणे २० मीटर उंचीचा फरक. रेषा दाटल्या की चढ उभा, एवढं भूगोलाच्या पुस्तकातही असतं. पण पाच मजली इमारतीएवढा, १५ मीटरांचा सरळ कडा दोन रेषांच्या मधोमध बसला, तर तो या रेषांत उमटतच नाही! सह्याद्रीत असे कातळ पावलोपावली आहेत. ‘नकाशात तर उतार सोपा दिसत होता’ म्हणत वाट सोडणारे इथेच अडकतात.

या रेषा समजून घ्यायला केलगेरीचं तळं फार सोयीचं. पाण्याची कड हीच एक समोच्च रेषा. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा चिखलावर उरलेल्या पाणरेषा पाहाव्यात. काठ सपाट असेल तिथे त्या एकमेकींपासून लांब, आणि उभा असेल तिथे अगदी चिकटून. एवढं डोळ्यांनी पाहिलं की वर्गातला तास वाचतो.

सॅकचा भार खांद्यांनी पेलायचा, हाही गैरसमजच. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, म्हणजे बहुतांश वजन कमरेवर जातं. खांद्याचे पट्टे सॅक पाठीशी धरून ठेवण्यापुरते. जड वस्तू पाठीलगत ठेवायच्या. शेकोटीची हौस मात्र रानात नको. राखीव जंगलात विनापरवाना आग पेटवणं हा गुन्हा आहे.

साप चावला की वर करकचून दोरी बांधायची, ब्लेडने चीर द्यायची, तोंडाने विष ओढायचं. हे सिनेमातले तिन्ही उपाय घातक आहेत. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला रुग्णालयात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते, आणि ती रुग्णालयातच द्यायची असते.

जळवांना सगळे घाबरतात, गोचिडीकडे कोणी बघत नाही. खरं तर उलट हवं. जळू चिकटल्याने बहुधा फक्त वैताग होतो. माकडताप मात्र गोचिडीमार्फत पसरतो. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला, आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य हंगाम, म्हणजे नेमका ट्रेकचाही. पूर्ण बाह्या घालाव्यात, मेलेल्या माकडाजवळ फिरकू नये, मुक्कामी काखा आणि गुडघ्यामागची जागा तपासावी. परतल्यावर पंधरवड्यात ताप आलाच, तर डॉक्टरांना रानात जाऊन आल्याचं आधी सांगावं.