कार्ड आहे, पण दवाखान्याच्या फेऱ्यांचं काय?



पावसाळा लागला की इचलकरंजीत दवाखान्यांबाहेरचे बाक भरतात. कुणाला ताप, कुणाला जुलाब, तर कांडी भरणाऱ्या बाईला सुताच्या धुळीनं खोकला. यांतल्या थोड्याच जणी ॲडमिट होतात. बाकीच्या केसपेपर काढतात, गोळ्या घेतात आणि परत कामावर जातात. यालाच ओपीडी म्हणायचं.

बहुतेकींच्या कार्डात नेमकं हेच नसतं. महात्मा जोतिराव फुले योजनेच्या किंवा आयुष्मान भारतच्या कार्डावर ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार होतात, पण साध्या तपासणीचा आणि गोळ्यांचा खर्च आपल्यालाच. ईएसआयमध्ये तपासणी आणि औषधंही मिळतात. त्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. पण त्याला कारखान्याच्या पटावर नाव लागतं. कांडीवाल्या किती जणींचं असतं, तुम्हीच सांगा.

म्हणून गटात विषय निघतो, की दरमहा थोडे पैसे काढून ओपीडीसाठी आपलाच निधी करू. पण किती काढायचे? त्यासाठी पुढच्या वर्षीच्या फेऱ्यांचा अंदाज हवा.

समजा, गटातल्या घरांत मिळून ५० माणसं आहेत. सहा जणांना बीपी किंवा साखर. ते दर महिन्याला जाणार, म्हणजे ७२ फेऱ्या. उरलेले ४४ जण वर्षात सरासरी तीनदा, म्हणजे १३२. एकूण २०४. इथवर सोपं आहे. आपल्या गटाचे आकडे मागच्या वर्षीचे केसपेपर आणि मेडिकलची बिलं काढून बघा.

चूक होते ती इथून पुढे. पैसे नव्हते म्हणून जी घरीच काढा पिऊन पडून राहिली, तिची फेरी कुठल्याच बिलात नसते. निधी सुरू झाला की ती पहिली येणार, आणि यायलाच हवी. अमेरिकेत १९७०च्या दशकात रँड या संस्थेनं मोठा प्रयोग केला. त्यात फुकट उपचार असणारे लोक वाटा भरणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे गेले. आणखी एक दिसलं: वाटा भरावा लागला की माणसं गरजेची तपासणीसुद्धा टाळतात. त्यामुळे फेऱ्या वाढल्या म्हणजे बाया उगीच जातात, हे आम्हाला पटत नाही.

तेव्हा बैठकीत प्रत्येकीला विचारा, ‘जायला हवं होतं पण गेली नाहीस, असं कितीदा झालं?’ समजा ४० निघाल्या. आता २४४ फेऱ्या. एका फेरीला फी आणि गोळ्या धरून ३०० रुपये लावले तर ७३,२०० रुपये. माणशी महिन्याला १२२. पाच माणसांच्या घराला ६१० रुपये! जड वाटले तर निम्मा खर्च निधीतून, निम्मा घरातून, असं ठरवता येतं.

हा हिशेब सगळी घरं आली तरच टिकतो. फक्त आजारी माणसांची घरं आली तर माणशी खर्च वाढतो, मग धडधाकट बाहेर पडतात आणि तो आणखी वाढतो.

आणि साथ? २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. आदल्या वर्षीच्या बिलांवरून ती कुणाला दिसली असती? त्यासाठी थोडी रक्कम राखीव ठेवा, वहीत वेगळ्या पानावर लिहा आणि ती अंतर्गत कर्जाला देऊ नका.