दोन खुंटांमधला खेळ

कर्लिंगच्या हौशी संघास बर्फाचे अंगण हवे, जवळजवळ २० किलो वजनाचे ग्रॅनाइटचे घोटीव दगड हवेत. आदिलाबादजवळच्या मावल्यासारख्या गावी खो-खोच्या संघास दोन खुंट व चुन्याची फक्की पुरावी. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळास नियमांची शिस्त लावली. आठ गडी आलटून-पालटून विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात, नववा धावतो. पळणाऱ्यास मधली रेषा ओलांडण्याची मुभा, पाठलाग करणाऱ्यास नाही. म्हणूनच साखळी सामन्यांच्या हंगामात मंद पायांपेक्षा उतावळेपणच संघास अधिक नडते. पाठीवर हात पडण्यापूर्वीच बसलेला गडी उठला, की नियमभंग झाला; पाठलाग उलट दिशेस वळवावा लागतो आणि टप्प्यात आलेला गडी निसटतो. नऊ मिनिटांच्या डावात तो पुन्हा सापडेलच, असे नाही.