बावखलांतील शेवाळ आणि सूर्याचे अदृश्य किरण

वसईच्या वाड्यांत केळी व पानवेली शिंपण्यासाठीं खणलेलीं बावखलें अद्यापि कोठें कोठें दिसतात. त्यांवर शेवाळ दाटलेलें पाहून, 'वैशाखाच्या उन्हानें हें करपत कसें नाहीं?' अशी शंका पुष्कळांस येते.

शंका रास्त आहे. वसईस मेच्या मध्यास सूर्य ऐन डोक्यावर येतो, आणि त्याच्या प्रकाशांत रिटर या जर्मन शास्त्रज्ञानें 1801 सालीं शोधलेले अतिनील किरण असतात. शेवाळाच्या पेशींत डीएनएचा जो धागा असतो, त्यावरील शेजारच्या दोन कड्या हे किरण एकमेकींस चिकटवितात; मग पेशीचें विभाजन खोळंबतें. परंतु हा क्षुद्र जीव गाफील नाहीं! निळ्या प्रकाशावर चालणारें एक विकर त्या कड्या पुन्हां सोडवितें. नील-हरित शेवाळाच्या कित्येक जाती तर तपकिरी रंगद्रव्याचें कवचच पांघरतात; जुन्या दगडी भिंतींवरील काळपट थर पुष्कळदां त्यांचाच असतो. शिवाय पाण्याचा आडोसा आहेच. पालापाचोळा कुजून पिवळसर झालेल्या पाण्यांत अतिनील किरण जेमतेम वीतभर उतरतात; अन्न बनविण्यास लागणारा दृश्य प्रकाश मात्र त्याहून खोल जातो.

तेव्हां निर्माल्य पाण्यांत सोडून शुद्धीचा भार सूर्यनारायणावर टाकणें आम्हांस भाबडेपणाचें वाटतें. त्यांतून शेवाळास नत्र व स्फुरद यांची मेजवानीच मिळते. पुढें तें कुजूं लागलें, कीं पाण्यांतील प्राणवायु सरून मासे मरतात. आणि मग घाण झाली म्हणून बावखलच बुजवितात! वास्तविक त्यांत सांठलेलें पावसाचें पाणी मुरून आसपासच्या विहिरींस गोडें पाणी मिळतें. पावसाळ्यापूर्वीं गाळ व कुजका पाला उपसून काढला, तर शेवाळाचें अन्नच तुटतें.