जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एवढं बघा

मंद्रूप : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही. मग दुकानदाराने नवा कॉम्प्युटर घ्यायचाच का? आम्ही म्हणतो, घाई नको. मोफत आणि कायदेशीर लिनक्स आहे. पण त्यात 'डेस्कटॉप' निवडावा लागतो.

डेस्कटॉप म्हणजे समोर दिसणारा चेहरा : मेनू, खिडक्या, खालची पट्टी. आतली सिस्टीम तीच, चेहरे वेगवेगळे.

रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घ्या. साधा आहे, पण हलका. ८ जीबी असेल तर सिनॅमन किंवा केडीई प्लाझ्मा. दोन्ही विंडोजसारखे दिसतात, त्यामुळे गल्ल्यावरच्या पोराला नव्याने शिकवावं लागत नाही. ग्नोम देखणा आहे, पण त्याची पद्धत निराळी. रोज बिलं फाडणाऱ्याला सवय व्हायला वेळ लागतो.

मराठी-उर्दूची काळजी नको. चारही डेस्कटॉपवर दोन्ही कीबोर्ड लावता येतात.

खरी अडचण दुसरीच आहे. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, लिनक्सवर सरळ चालत नाही. तुमचा हिशेब टॅलीत असेल तर ते मशीन बदलू नका. एक्सेलसारखं काम लिब्रेऑफिसमध्ये होतं, जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतं.

आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. इन्स्टॉल करावं लागत नाही. बिलाचा प्रिंटर चालला, डेटाची कॉपी वेगळी ठेवली, की मगच बदला.